तिसऱ्या बेरिंगच्या पत्र्या

"चूक माझी हाय, भाऊसाहेब," चांदभाई म्हणाले, आणि सायकलच्या पायडलवर एक पाय टाकून निघालेला राधाकृष्ण बोरुडे तसाच लंगडत दोन ढांगा जाऊन थांबला. मंगळवार होता, दहा वाजून गेले होते. बुरूडगाव रस्त्यावरच्या त्याच्या घराच्या अंगणात, कडुनिंबाखालच्या पत्र्याच्या छपरात, एकोणीसशे तीस सालची फोर्ड गाडी विटांच्या चार थप्प्यांवर बसवलेली होती आणि तिच्या पोटाखालून चांदभाई नुकतेच पाठीवर सरपटत बाहेर आले होते. त्यांच्या तळहातावर बेरिंगची अर्धी टोपी होती. आतला पांढरा धातू एका कडेनं मेणासारखा ओघळून काळा पडला होता. "तिसऱ्या बेरिंगच्या टोपीखाली ह्या अंगाला तीन पितळी पत्र्या पायजे हुत्या, त्या अंगाला एक. मी दोन-दोन लावल्या. ध्यानात हुतं तीन-एक, हातानं लावलं दोन-दोन. म्हंजे आता ध्यान एकीकडं अन् हात एकीकडं." त्यांनी ती टोपी फडक्यात गुंडाळली, एखाद्याची कवळी गुंडाळावी तशी. "असू द्या, चांदभाई. होतं असं कधी कधी," राधाकृष्ण म्हणाला, सायकलवर बसला, आणि स्वतः केलेल्या चुकीची दुसऱ्याला माफी देऊन वेळेवर कचेरीत पोचला.

पत्र्या त्यानं हलवल्या होत्या. हे त्याला चांदभाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं होतं, आणि कळल्यावर जीभ जी चटकन हलली ती 'मी' म्हणायला नव्हे, 'असू द्या' म्हणायला. त्या चपळाईचंच त्याला माळीवाड्याच्या वेशीपर्यंत नवल वाटत राहिलं. सव्वीस वर्षं कचेरीत काढली होती, त्यातली अकरा हेडक्लार्क म्हणून. आणि सव्वीस वर्षांत त्या इमारतीत 'चूक माझी' हे दोन शब्द त्याच्या कानावर पडले नव्हते. चुका होत नसत असं नव्हे. त्र्याहत्तरच्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात तर त्यांना ऊत आला होता. पण त्या कुणाच्याच नसत, पाहुण्यासारख्या येत आणि जात. पाथर्डीकडे निघालेला पाण्याचा टँकर भलत्याच गावात रिकामा होई आणि मग एक म्हणे, तसं लिहून आलं होतं. दुसरा म्हणे, तसं तोंडी सांगितलं होतं. तिसरा त्या दिवशी रजेवर असे, आणि रजेवर नसला तर मागाहून रजेवर जाई. राधाकृष्णला ह्याची गंमत वाटे. माणसं वाचणं हा त्याचा छंद होता. भेटलेल्या प्रत्येकाचं एक पान त्याच्या मनात उघडलेलं असे, उजवीकडे गुण, डावीकडे अवगुण, खाली मारलेली रेघ. शिरस्तेदार: आवाज मोठा, सही लहान. नवा टंकलेखक: कामाआधी केस विंचरतो, कामानंतरही विंचरतो, आणि दोन्ही वेळा भांग तसाच असतो, म्हणजे मध्ये काम झालेलं नाही. अशी पानं भरताना त्याचा हात कधी अडखळला नव्हता. स्वतःचं पान आहे की नाही हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. वही लिहिणाऱ्याचं नाव वहीच्या पुठ्ठ्यावर असतं, आत नसतं, असा त्याचा समज असावा.

चांदभाईंचं पान वर्षापूर्वी उघडलं. कोल्हारचे मामा वारले तेव्हा जमीन दोन्ही मुलांनी वाटून घेतली, बैल वाटून घेतले, आणि गुऱ्हाळाच्या छपरात अठरा वर्षं उभी असलेली गाडी कुणीच घेईना, कारण ती वाटता येत नव्हती आणि तिच्यात कोंबड्या बसत. "राधाकृष्ण शिकलेला हाय, त्याला द्या," असं ठरलं. शिकलेल्या माणसाच्या गळ्यात लोक काय काय बांधतात ह्याची नोंद करत राधाकृष्ण ती ट्रकात घालून नगरला घेऊन आला, आणि घरी आल्यावर चांगुणा, त्याची बायको, ओट्यावर उभी राहून बराच वेळ गाडीकडे आणि मग त्याच्याकडे बघत म्हणाली, "एवढं लोखंड आनलंत, त्यापरीस मामांचा फोटू आनला असता तर भिंतीला तरी लागला असता." गाडी आणण्याचं खरं कारण तिला त्यानं सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतंही. मामांनी कारखान्यावरच्या एका इंग्रज केमिस्टाकडून ती गाडी घेतली तेव्हा राधाकृष्ण दहा वर्षांचा होता. सुट्टीत सगळी भाचरं कोल्हारला जमलेली. मामा म्हणाले, चार-चार पोरं बसवून प्रवरेच्या पुलापर्यंत फिरवून आणतो, पण भांडणं नकोत. राधाकृष्णाचं अक्षर चांगलं आहे, त्यानं यादी करावी, कोण बसलं, कोण राहिलं. तो दगडावर बसून यादी करत राहिला. मोटार धुरळा उडवत गेली, आली, गेली, आली. यादी अगदी चोख झाली, एकही नाव दुबार नाही. आणि शेवटी तिच्यात नसलेलं एकच नाव उरलं तेव्हा पेट्रोल संपलं. मामांनी यादी पाहून त्याच्या पाठीवर थाप मारली होती. ती थाप त्याला अजून आठवे, आणि आठवली की खांद्यांच्या मधोमध कुठंतरी खाजवल्यासारखं होई, जिथं हात पोचत नाही तिथं.

चांदभाई भिंगारचे. लष्करी वर्कशॉपात बत्तीस वर्षं फिटर म्हणून काढून घरी बसलेले. कुणीतरी नाव सांगितलं म्हणून राधाकृष्ण त्यांना बोलवायला गेला तर ते यायला तयार नव्हते, म्हणाले, "आधी बगतो. गाडीला मी पसंत पडलो पायजे." आले ते पांढऱ्या पायजम्यात, आखूड दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, आणि आल्या आल्या गाडीकडे गेलेच नाहीत, हातपाय धुतले, उकिडवे बसले, चहा घेतला, कप विसळून पालथा घातला, आणि मग नुसता उजवा तळवा बॉनेटवर ठेवून उभे राहिले. वैद्य नाडी बघतात तसे नव्हे; वैद्याला आपल्याकडे लोक बघतायत हे ठाऊक असतं. हा माणूस एकटाच उभा असल्यासारखा होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "ह्या गाडीला मारलेलं न्हाई कुणी. नुसतं टाकून दिलंय. टाकून दिलेली लवकर सुधरती." राधाकृष्णनं त्या क्षणी उजव्या बाजूला पहिली नोंद केली आणि डावीकडे काहीतरी असेलच म्हणून वाट पाहत बसला. वर्ष गेलं, डावी बाजू कोरी. त्याला जरा राग येऊ लागला होता. माणूस तासाला तंबाखू मळत नाही, काम अडलं तर हत्याराला शिवी देत नाही, आधीच्या मेकॅनिकला मूर्ख म्हणत नाही. रेडिएटरमधून उंदराचं अख्खं घर निघालं तेव्हाही म्हणाले, "गरिबानं बांधलं मात्र झकास हुतं." टप लष्करी तंबूच्या जुन्या कापडाचा शिवला, तो त्यांच्या बायकोनं, शरिफानं, घरच्या मशीनवर, गॅस्केटं पुठ्ठ्याची कापली ती अशी की पुठ्ठा आधीच त्या आकाराचा जन्मला असावा. दिवसभरात फार तर वीस वाक्यं बोलत, त्यातली पंधरा गाडीशी.

आणि तो शेंदूर. बेरिंग घासायचं काम निघालं तेव्हा राधाकृष्णला वाटलं होतं, यंत्राचं काम म्हणजे मापाचं, काट्याचं. चांदभाईंनी शेंदूर मागवला. तेलात कालवून बोटानं त्याचा अगदी पातळ हात क्रँकच्या दांड्यावर फिरवायचा, वर बेरिंगची टोपी बसवायची, आवळायची, दांडा एक फेरा फिरवायचा, पुन्हा उघडायचं. पांढऱ्या धातूवर जिथं लाल डाग, तिथं उंचवटा. तेवढाच तीन धारांच्या तासणीनं खरवडायचा, नखावरची साल काढावी इतका. पुन्हा शेंदूर, पुन्हा आवळणं, पुन्हा उघडणं. पहिल्या दिवशी एकच मोठा लाल डाग उठला. चौथ्या दिवशी तीन. आठव्या दिवशी ज्वारी सांडल्यासारखे दाणे सगळीकडे, आणि तरी चांदभाई मान हलवत, "अजून खालच्या कडंला उपाशी हाय." माळीवाड्यातला छगन वाणी विचारी, "चांदभाई, महिन्यात तिसऱ्यांदा शेंदूर नेताय, कुठला मारुती एवढा खातोय?" चांदभाई शांतपणे सांगत, "भाऊसाहेबांच्या दारात नवा बसलाय. चार पायांचा हाय, अजून उड्डाण केलं न्हाई." चांगुणा सुद्धा नरमली होती. पाण्याची टंचाई, नळाला एक दिवसाआड अर्धा तास पाणी, आणि रेडिएटर धुवायला तीन कळशा जायच्या, आधी ती म्हणायची, "मानसं कोरडी अन् ही बया न्हाती." नंतर शनिवारी मारुतीला जायच्या आधी ती स्वतःच कळशी छपरात आणून ठेवू लागली आणि तिथं लाल झालेला दांडा बघून नकळत हात जोडून मोकळी झाली. मग राधाकृष्णकडे बघून खेकसली, "हसताय काय? हात जोडलेले वाया जात न्हाईत."

तो शुक्रवार आता पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येई. कचेरीला सुट्टी होती. चांदभाई दुपारच्या नमाजाला गेले होते. जाताना त्यांनी चारही बेरिंगांच्या टोप्या पुसून गोणपाटावर ओळीनं मांडल्या, प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना तिच्या तिच्या पितळी पत्र्या ठेवल्या, कागदाइतक्या पातळ, आणि म्हणाले, "आता शेंदूर नको. आता नुसतं बसवायचं. उद्या सकाळी." अंगणात ऊन, निंबाची सावली गोणपाटावर जाळीसारखी पडलेली. राधाकृष्ण उकिडवा बसून बघत होता. पहिली टोपी: दोन आणि दोन. दुसरी: दोन आणि दोन. चौथी: दोन आणि दोन. तिसरी: तीन आणि एक. तो बघत राहिला. तसं पाहिलं तर त्याला विचारायचंच होतं. पण विचारायला माणूस नव्हता, आणि दिसायला तर इतकं उघड दिसत होतं. सगळ्या ओळीत एकच रकाना न जुळणारा. म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटलं असणार. त्याला, खरं सांगायचं तर, एक बारीकसा आनंद झाला. वर्षभर कोऱ्या असलेल्या डाव्या बाजूला पहिली नोंद मिळत होती, आणि ती नोंद करून वर दुरुस्त करण्याचा मोठेपणाही मिळत होता. त्यानं करंगळीच्या नखानं वरची पत्री उचलली आणि पलीकडे ठेवली. दोन आणि दोन. एकूण बेरीज तीच, चार. नवीन काही आणलं नाही, असलेलं काढलं नाही. सव्वीस वर्षांत त्यानं शेकडो तक्ते असे जुळवले होते आणि एकही आवाज करून उठला नव्हता. ओसरीतून चांगुणानं विचारलं, "काय करताय हो तिथं?" तो म्हणाला, "काही नाही. सावली बघतोय."

शनिवारी सकाळी चांदभाईंनी टोप्या बसवल्या. गाडीखाली पाठीवर पडून, चाचपत, डाव्या हाताला डावीकडच्या पत्र्या आणि उजव्या हाताला उजवीकडच्या, मोजण्याचा प्रश्न नव्हता. आपण मांडलेलं आहे. रविवारी इंजिन सुरू झालं. अख्खी आळी कुंपणाशी आली होती. हँडल तिसऱ्या वेळी फिरलं आणि अठरा वर्षांचा खोकला एकदम सुटावा तसा आवाज झाला, निंबावरचे कावळे उठले आणि चांगुणानं तोंडावर पदर घेतला. चांदभाई मात्र हसले नाहीत, मान कलती करून ऐकत राहिले. सहा-सात मिनिटं. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली. इतरांना अजून काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी पुढे होऊन इंजिन बंद केलं तेव्हा कुठं शेवटच्या दोन-चार फेऱ्यांत राधाकृष्णलाही ऐकू आलं: टक, टक, टक. दारावर परक्या माणसानं टिचकी मारावी तसं. जळक्या तेलाचा वास सुटला. लोक "चालली की! चालली!" म्हणत पांगले. सोमवारी चांदभाईंनी इंजिनाखालचं तेलाचं पात्र उतरवलं. मंगळवारी ते वाक्य.

त्या मंगळवारपासून आठ दिवस चांदभाई आले नाहीत. राधाकृष्णनं ते दिवस फार कामात काढले. कचेरीत तो उशिरापर्यंत थांबे, खालच्यांच्या टिपणांवर बारीक अक्षरात शेरे मारी. 'हे कोणी केले?' असा शेरा लिहिताना एकदा त्याची लेखणी मधेच अडली आणि शाईचा थेंब 'कोणी'वर पडला. तो मनाला समजावे: सांगून काय होणार? धातू पुन्हा ओतावाच लागणार. मग मी सांगितलं काय, न सांगितलं काय. आणि माणूस थोर आहे, पचवेल. थोर माणसांचं एक बरं असतं, त्यांच्यावर टाकलं तर ते पचवतात; आपल्यासारख्याचं तसं नाही, आपल्याला जपावं लागतं. हा विचार त्यानं पुरा केला आणि मग तो विचार त्याच्यासमोर नीट, शुद्धलेखनासहित, उभा राहिला. एखादा माणूस दारात आल्यावर आपण ज्या नजरेनं त्याला वरपासून खालपर्यंत बघतो, त्या नजरेनं राधाकृष्णला त्या विचाराकडे बघावं लागलं. कुणाचं हे पान? इतकं लबाड, इतकं गुळगुळीत? शिरस्तेदार बरा म्हणायचा. शिरस्तेदार निदान ओरडून खोटं बोलतो. आणि सारखा तो 'चूक माझी हाय' चा आवाज: त्यात कण्हणं नव्हतं, नाटक नव्हतं, सोडवणूक मागणं नव्हतं. पान्याचा नंबर सांगावा तसं. एवढं सोपं असतं ते? आपण सव्वीस वर्षं ज्याच्याभोवती फायलींचे बांध घातले, ते असं तीन शब्दांत, फडकं गुंडाळत सांगून मोकळं होता येतं? आणि ह्या माणसानं ते सांगावं तेही नेमकं न केलेल्या चुकीबद्दल! एकदा जेवताना चांगुणा म्हणाली, "चांदभाई येईनात." तो म्हणाला, "येतील." ती म्हणाली, "त्या शुक्रवारची सावली कशी हुती हो?" त्यानं आमटी वाढून घेतली.

बुधवारी सकाळी शरिफा आली. ती कधी एकटी आली नव्हती. बुरखा डोक्यावरून मागे टाकून ओट्याच्या पायरीवर टेकली, चांगुणानं दिलेलं पाणी अर्धं प्यायली, अर्धं टंचाई म्हणून परत दिलं. "भाऊ, तुमी जरा येऊन बोला त्यांच्याशी," ती राधाकृष्णला म्हणाली. "आठ दिवस झाले, भाकरी मोडतात अन् तशीच ठेवतात. बसल्या बसल्या चमचे मोजतात. मला इचारतात, शरिफा, किती? मी म्हणते सात. तर म्हणतात, मला बी सातच दिसतात, पर माझ्या दिसन्यावर जाऊ नको. कोल्हारला शकिलाला, लेकीला, कागद टाकलाय, आमी येतो म्हनून, ओट्यावर बसून ऱ्हाऊ म्हनून. अन् हत्यारं काढलीत सगळी. काष्टीच्या बाजारात इकायची म्हणतात. बत्तीस वर्सांची हत्यारं, भाऊ. माझ्या लग्नाच्या आधीची हायत काही. मी म्हणलं, एक चूक झाली तर एवढं काय? तर म्हणतात, चुकीचं न्हाई ग; मला अजून बी ध्यानात तीन-एकच हाय. डोळ्यांनी मांडलं तीन-एक, अन् निघालं दोन-दोन. म्हंजे हे ध्यान आता दुसरंच काहीतरी दाखवाया लागलं. अशा मानसानं कुणाच्या गाडीला हात लावू नये, मानसं बसतात तिच्यात." ती उठली. "तुमी शिकलेले, तुमचं ऐकतील." चांगुणा दारात उभी होती. तिनं राधाकृष्णकडे बघितलं नाही. त्याच्या सायकलकडे बघितलं.

राधाकृष्णनं अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा लिहिली. कारण ह्या शब्दापुढे त्यानं 'घरगुती' लिहिलं, मग ते खोडलं, आणि कारणाविनाच अर्ज टंकलेखकाच्या हातात देऊन निघाला. भिंगारच्या रस्त्यावर दुपारचं ऊन मावत नव्हतं. दुष्काळी कामावरून परतणाऱ्या बायका डोक्यावर रिकाम्या पाट्या उपड्या घालून जात होत्या. तो सायकल मारत वाक्यं जुळवत होता. 'चांदभाई, एक गोष्ट सांगायची राहिली.' राहिली! काय शब्द आहे. 'चांदभाई, झालं असं की.' सगळी टिपणं अशीच सुरू होतात. 'माझ्या हातून बहुधा.' बहुधा! प्रत्येक वाक्याला त्याच्याच अक्षरातलं शेपूट फुटत होतं, आणि ते शेपूट छाटता छाटता भिंगारची वेस आली तेव्हा त्याच्यापाशी काहीच उरलं नव्हतं. घाम मात्र फार आला होता.

चांदभाई अंगणात बसले होते. समोर गोणपाट, त्यावर हत्यारं: पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, तासण्या, छिन्न्या, पितळी हातोडी. प्रत्येकाला तेलाचा हात लावलेला, लेकीला सासरी पाठवताना लावतात तसा. "या भाऊसाहेब. बसा. शरिफा तुमच्याकडं गेल्ती म्हणं. बाईमानूस, घाबरती." ते हसले, आणि त्या आठ दिवसांत ते हसू किती बारीक झालं होतं हे राधाकृष्णला दिसलं. दाढीही वाढलेली, कडेनं कातरलेली नव्हती. "धातू ओताया दुसरा मानूस सांगतो तुमाला. चांगला हाय. तरना हाय."

"पत्र्या मी हलवल्या," राधाकृष्ण म्हणाला.

चांदभाईंचा हात एका तासणीवर होता, तो तिथंच राहिला. "काय म्हणलात?"

"शुक्रवारी. तुम्ही नमाजाला गेला होता. तिसऱ्या टोपीला तीन आणि एक होत्या. बाकी सगळ्यांना दोन-दोन. मला वाटलं, चुकलंय. मी एक उचलून पलीकडे ठेवली."

"कुठल्या अंगाची उचलली?"

"भिंतीकडच्या."

"वरची का खालची?"

"वरची. करंगळीच्या नखानं."

"म्हंजे तीन-एक हुतं."

"तीन-एकच होतं, चांदभाई. तुम्ही मांडलं तसंच होतं."

चांदभाईंनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआड ते गोणपाट बघत असावेत. पापण्या हलत होत्या, एक, दोन, तीन, चार. मग एकदम त्यांनी घराकडे तोंड करून हाक मारली, आणि बत्तीस वर्षं घणांच्या आवाजावरून बोलायची सवय असलेला तो गळा आळीच्या पार टोकाला ऐकू गेला असावा, "शरिफा! अगं तीन-एक हुतं! तीन-एकच हुतं!"

"मग मी काय म्हणत हुते!" आतून आवाज आला. "आता तरी जेवा!"

"आन! कोरड्यास काय हाय? काय बी आन!"

राधाकृष्ण उभाच होता. येताना त्यानं रागाची तयारी केली होती, शिव्यांची केली होती, फार तर थोर माणसाच्या क्षमेचीही केली होती; ह्या माणसाला आनंद होईल हे त्याच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. त्या आनंदात त्याला जागाच नव्हती. त्याच्याकडे कुणी बघतही नव्हतं. चांदभाई पुढ्यातली हत्यारं एकेक उचलून बघत होते आणि त्यांची नावं स्वतःशी पुटपुटत होते. शरिफानं ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी आणून ठेवली, राधाकृष्णकडे एकदा नीट बघितलं, म्हणजे तिनं आतून सगळं ऐकलं होतं, आणि त्याच्यापुढेही एक ताटली ठेवली. तो बसला. चांदभाई तीन भाकरी जेवले. चटणी जबर तिखट होती. राधाकृष्णच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चटणीनं आलं असं समजण्याची मुभा त्या दोघांनीही त्याला दिली.

"एका मेकॅनिकनं पूर्वी ती टोपी वाकडी कानसलीय," हात धुता धुता चांदभाई शांतपणे सांगू लागले, शाळेत सांगावं तसं. "एक कड खाल्लीय तिची. म्हनून त्या अंगाला तीन पत्र्या घातल्या तवा कुठं ती सरळ बसती. वरनं सारखं दिसलं की आतनं तिरपं होतं. त्येला विलाज न्हाई. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"विचारायला हवं होतं."

"पत्रीचं सोडा, भाऊसाहेब. पत्री काय, कुणाच्या बी हातनं हालती. धातू पुन्ना ओतू. पर मंगळवारी मी सांगितलं तवा तुमाला ठावं हुतं?"

राधाकृष्णच्या तोंडाशी तीन उत्तरं आली, तिन्ही सुबक. "हो," तो म्हणाला.

"आठ दिस," चांदभाई म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आठ दिस तुमी मला म्हातारं हू दिलं."

राधाकृष्णला वाटलं आता काही बोलावं, निदान तो एक शब्द, ज्याच्यासाठी इतकी सायकल मारली. त्यानं तोंड उघडलं. चांदभाईंनी ओला तळवा वर करून त्याला थांबवलं. ते उन्हात सरकले, दोन्ही हात समोर धरले, पालथे केले, उलथे केले. भेगांत जुनं तेल बसलेलं, अंगठ्याचं एक नख काळं, बोटं किंचितही न थरथरणारी. बराच वेळ ते त्या हातांकडे बघत राहिले.

"आठ दिस लई वंगाळ बोललो मी ह्यांना," ते म्हणाले. "आधी ह्यांची माफी मागायची हाय. तुमचं मागाहून बगू. उद्या सकाळी येतो मी."